शंख टाकलेल्यांची वंशावळ

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण माणसांविषयी वापरतो. वरून गरीब दिसणाऱ्या आणि आत भलताच डाव धरून बसलेल्या माणसाला ती चपखल बसते. पण माणसे बाजूला ठेवून खऱ्या गोगलगाईकडे पाहिले, तर ती शब्दशः खरी आहे. ह्या प्राण्याचे पोट हाच त्याचा पाय. क्यूव्ह्ये ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७९५ मध्ये ह्या सबंध वर्गाला ‘गॅस्ट्रोपोडा’, म्हणजे उदरपाद, असे नाव दिले, ते नेमके ह्याच अर्थाचे. आमच्या आजीबाईंनी ग्रीक न शिकता तेच सांगून ठेवले होते! म्हणीचा दुसरा अर्थ, म्हणजे बाहेरच्या रूपावर भरवसा ठेवू नये हा, ह्याच प्राण्यांच्या बाबतीत शास्त्रज्ञांना किती महागात पडला, त्याची हकीकत आज आम्हांला सांगावयाची आहे.

बागेतल्या गोगलगाईच्या पाठीवर शंख असतो हे सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर चढणारी, शंख नसलेली चिकट गोगलगायही पुष्कळांनी पाहिली असेल. समुद्रातही अशा शंख टाकलेल्या गोगलगाई आहेत; मात्र त्या आपल्या ओळखीच्या गोगलगाईसारख्या मुळीच दिसत नाहीत. कोणी निळ्या अंगावर पिवळ्या रेघा मिरवते, कोणाच्या पाठीवर कल्ल्यांचा तुरा उघडा फुललेला असतो, कोणी हिरव्यागार पानासारखी पसरते, तर कोणी सशाच्या कानांसारखी दोन शिंगे उभारून शेवाळ चरते. हिलाच समुद्री ससा म्हणतात. उघड्या कल्ल्यांच्या, म्हणजे न्यूडिब्रँक, गटातच सुमारे ३,००० जाती आहेत. शंख गेल्यावर संरक्षण कसले, असे कोणी विचारील. काही जाती ज्या स्पंजांवर जगतात त्यांतले विष अंगात साठवतात. काहींची हिकमत ह्याहून मोठी. त्या समुद्रपुष्पासारख्या दंश करणाऱ्या प्राण्यांना खातात, पण त्यांच्या दंशपेशी पचवीत नाहीत. त्या शाबूत ठेवून आपल्या पाठीवरच्या बोटांसारख्या फुगवट्यांच्या टोकांत नेऊन बसवतात. दुसऱ्याच्या शस्त्रागारावर आपला गड राखण्याचा हा प्रकार आहे.

आता मुख्य प्रश्न. ह्या साऱ्या शंखहीन समुद्री गोगलगाई एकाच मूळपुरुषाच्या वंशातल्या आहेत काय? फार पूर्वी कोणा एका गोगलगाईने शंख टाकला आणि तिच्या लेकरांनी तो वारसा चालवला, असे घडले. की निरनिराळ्या घराण्यांनी निरनिराळ्या काळी आपापला शंख टाकला आणि म्हणून आज ती एकसारखी दिसतात? पहिले खरे असेल तर ह्यांचे एक कुळ मानणे रास्त. दुसरे खरे असेल तर हे कुळ नव्हेच. एकाच फॅशनचा अंगरखा घातलेल्या परक्यांची ती जत्रा आहे. ह्या प्रश्नाचा निकाल लागावयास अडीचशे वर्षे गेली.

लिनीअसने १७५८ मध्ये आपल्या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. प्राण्यांची शास्त्रीय नावे तेथूनच मोजली जातात. त्यात त्याने ‘कृमी’ नावाचा एक मोठा वर्ग केला आणि त्यात जे कोठे बसेना ते सारे टाकले. त्याचे जे पोटविभाग केले, त्यांत शंख-शिंपले असलेले प्राणी एका खणात आणि उघडे मऊ प्राणी दुसऱ्या खणात. परिणाम असा झाला की बागेतली शंखाची गोगलगाय एका खणात गेली आणि तिची बिनशंखाची बहीण दुसऱ्या. आणि ह्या दुसऱ्या खणात तिच्या शेजारी जेलीफिश, तारामासा आणि समुद्री साळू! घराच्या दाराला कडी आहे की नाही एवढे पाहून माणसांच्या जाती ठरवाव्यात तसे हे झाले. लिनीअसला हसण्याचे मात्र कारण नाही. जगातल्या साऱ्या प्राण्यांची एका हाती खानेसुमारी करणाऱ्याला दरवाजावरची कडीच दिसणार.

दार उघडून आत जाण्याचे काम क्यूव्ह्येने केले. त्याने ह्या मऊ प्राण्यांची शरीरे चिरून हृदय, कल्ले, आतडी आणि मज्जातंतू ह्यांची रचना पाहिली, आणि शंख असो वा नसो, आतली घडण एकच आहे असे दाखवून दिले. ह्या विषयावरील त्याचे निबंध १८१७ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. पुढे १८४० च्या सुमारास मायकेल सार्स ह्या नॉर्वेजियन धर्मोपदेशकाने आणखी एक गोष्ट पाहिली. उघड्या कल्ल्यांच्या गोगलगाईच्या अंड्यातून जे पिलू बाहेर पडते, त्याला चिमुकला शंख असतो. वाढताना ते तो टाकून देते. म्हणजे शंख टाकण्याची सारी हकीकत प्रत्येक पिलाच्या बालपणात पुन्हा घडते.

मग १८४८ साल उजाडले आणि आंरी मिल्न-एद्वार ह्याने उदरपादांची नवी वाटणी केली. ती समजण्यासाठी गोगलगाईच्या अंगातली एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. पिलू वाढत असताना त्याच्या पोटाचा सारा भाग अर्धा फेरा घेऊन फिरतो. त्यामुळे कल्ला आणि गुदद्वार मागून पुढे, डोक्याजवळ येतात आणि लांब मज्जातंतूंना पीळ पडून त्यांचा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वेढा बनतो. समुद्रातल्या बहुतेक शंखवाल्या गोगलगाईंत हा पीळ कायम असतो आणि कल्ला हृदयाच्या पुढे राहतो. पण समुद्री ससे, उघड्या कल्ल्यांच्या गोगलगाई आणि त्यांच्यासारख्या इतर प्राण्यांत हा पीळ सुटलेला दिसतो आणि कल्ला पुन्हा हृदयाच्या मागे जातो. ह्यांना मिल्न-एद्वारने ‘ऑपिस्थोब्रँकिया’, म्हणजे पश्चक्लोमी, ज्यांचे क्लोम किंवा कल्ले मागे आहेत ते, असे नाव दिले. पुढच्या कल्ल्यांचे ते अग्रक्लोमी. आणि कल्ला सोडून फुप्फुसाने हवा घेणाऱ्या बागेतल्या गोगलगाई व त्यांचे भाऊबंद हा तिसरा गट. अशी ही त्रिस्थळी यात्रा दीडशे वर्षांहून अधिक काळ विद्यार्थ्यांनी पाठ केली.

ह्या व्यवस्थेत काही प्राणी सुरुवातीपासूनच बेबनाव करीत होते. त्यांतला एक तर आपल्या दाराशीच आहे. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटी लागली की दगडांवर चिखलाच्या गोळ्यासारखी, खरबरीत पाठीची एक शंखहीन गोगलगाय चरत असते. तिच्या पाठीवर फोडांसारखे उंचवटे असतात आणि त्यांतल्या काहींवर चक्क डोळे असतात. पाठीवर कल्ल्यांसारखे झुबकेही आहेत, आणि शरीराच्या मागच्या टोकाशी हवा घेण्याचे फुप्फुसही आहे. राहते समुद्रकाठी, श्वास घेते जमिनीवरच्या गोगलगाईसारखा. मुंबईचे प्राणिशास्त्रज्ञ पी. आर. अवटी आणि के. आर. करंदीकर ह्यांनी हिच्या शरीररचनेवर, गर्भविकासावर आणि राहणीवर एक तपशीलवार पुस्तिका लिहिली. मुंबई विद्यापीठाने ती १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. तेथे हिचे नाव ‘ऑन्किडियम व्हेरुक्युलेटम’ असे आहे. ह्या ऑन्किडियम घराण्याचे पहिले वर्णनही भारतातूनच गेले. फ्रान्सिस बुकॅनन ह्याने बंगालमधल्या पाणकणसाच्या झाडांवर सापडलेल्या प्राण्यावरून १८०० मध्ये ते नाव दिले होते. हिला पश्चक्लोमी म्हणावे की फुप्फुसवाली, ह्यावर विद्वानांनी बराच कागद खर्च केला. दोन्ही पक्षांना पुरावा होता, हीच अडचण होती.

एकीकडे हे मोठे वाद चालू असता दुसरीकडे जातींची मोजदाद चालली होती. इंग्लंडात न्यूकॅसलच्या जोशुआ आल्डर आणि अल्बनी हॅनकॉक ह्या दोघा मित्रांनी ब्रिटिश किनाऱ्यावरील उघड्या कल्ल्यांच्या गोगलगाईंवर १८४५ ते १८५५ ह्या दहा वर्षांत एक सचित्र ग्रंथ काढला. त्यातली रंगीत चित्रे पाहून आजही मन प्रसन्न होते. ह्याच जोडीने १८६४ मध्ये भारतातल्या एका संग्रहाचे वर्णन केले. तो संग्रह मद्रासच्या मुलकी सेवेतल्या वॉल्टर एलियट ह्याने विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर जमवला होता. हा एलियट मराठी वाचकाला अगदीच परका नव्हे. तरुणपणी तो धारवाडकडे, इंग्रज ज्याला दक्षिण मराठा मुलूख म्हणत त्या भागात, नोकरीस होता आणि तेथल्या सस्तन प्राण्यांची यादी त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली होती. आल्डर-हॅनकॉकांनी त्याच्या संग्रहातल्या एका देखण्या गोगलगाईला ‘कलिंग ऑर्नाटा’ हे नाव दिले. त्या किनाऱ्याचे प्राचीन नाव अशा रीतीने लॅटिनच्या पोटात जाऊन बसले.

चित्रांचा हा आग्रह हौसेखातर नव्हता. समुद्री गोगलगाय स्पिरिटात टाकली की थोड्याच काळात तिचे रंग उडतात आणि अंग आक्रसून एक फिकट गोळा उरतो. रंग जिवंतपणीच टिपून ठेवावे लागतात. ज्याच्यापाशी नुसते गोळेच पोचत, त्याला दुसरी खूण शोधावी लागली. असा माणूस म्हणजे कोपनहेगनचा रुडॉल्फ बेर्घ. हा व्यवसायाने गुप्तरोगांचा डॉक्टर. पुढे तेथल्या एका रुग्णालयाला त्याचे नाव दिले गेले. दिवसा रुग्ण आणि फावल्या वेळी गोगलगाई, असा त्याचा क्रम. गोगलगाईच्या तोंडात कानशीसारखी दातेरी जीभ असते. तिला रेत्रिका म्हणतात. तिच्यावरील दातांच्या ओळी, त्यांची संख्या, त्यांचे आकडे, तसेच जननेंद्रियांची गुंतागुंत, ह्यांवरून बेर्घने शेकडो जाती वेगळ्या केल्या. फिलिपाइन्सच्या समुद्रातून झेंपर ह्या जर्मन प्रवाशाने आणलेला मोठा साठा त्याने असाच हातावेगळा केला. रंग पाहणारे एकीकडे आणि दात मोजणारे एकीकडे, असे दोन संप्रदाय ह्या शास्त्रात पुढे नांदले, आणि त्यांचे नेहमीच पटले असे नाही.

तेवढ्यात जपानमधून एक बातमी आली. १९५९ मध्ये कावागुती आणि बाबा ह्या दोघा शास्त्रज्ञांनी तामानो येथे सापडलेल्या एका प्राण्याचे वर्णन केले. ह्या प्राण्याला शिंपल्यासारख्या दोन झडपा होत्या. पण झडपांतून बाहेर आलेले डोके, शिंगे आणि सरपटणारा पाय गोगलगाईचे! अशाच झडपा पूर्वी रिकाम्या सापडल्या होत्या आणि त्यांना शिंपल्यांच्या यादीत खुशाल घातले गेले होते. नुसत्या कवचावरून कूळ ठरवणाऱ्यांना एवढी मोठी चपराक दुसरी कोणती नसेल.

सारांश, कवच फसवते, रंग फसवतो आणि पीळ सुटणे हीदेखील अनेकदा घडू शकेल अशीच गोष्ट आहे. मग नात्याचा पुरावा म्हणून धरावे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी आम्ही श्रोत्यांना थोडा वेळ समुद्रावरून पुण्यात आणू इच्छितो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभले. १९६६ मध्ये ते पुरे झाले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या जमवल्या गेल्या. १९२५ पासून ह्या कामाची धुरा वाहणारे डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांच्यापुढे प्रश्न होता तो हाच: कोणती पोथी कोणत्या पोथीची नातलग? असे नाते ठरवताना दोन पोथ्या किती ठिकाणी जुळतात एवढे मोजून भागत नाही. मूळ पाठ तर सर्वांतच थोडाफार उरलेला असणार. तो जुळला म्हणून जवळचे नाते सिद्ध होत नाही. नाते सिद्ध होते ते चुकांनी. एकच विचित्र चूक, एकच घुसडलेला श्लोक, दोन पोथ्यांत त्याच जागी सापडला, तर त्या दोन्ही त्याच चुकीच्या पोथीवरून उतरल्या असे मानता येते. मात्र एक पथ्य पाळावे लागते. एखादी ओळ गळणे ही चूक कोणाही लेखकाच्या हातून सहज होते. तेवढ्यावरून नाते जोडले तर फसगत ठरलेली.

विली हेनिग ह्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० मध्ये प्राण्यांच्या वंशावळीसाठी हाच नियम मांडला. जुना सामाईक वारसा पुरावा नव्हे; नव्याने झालेला आणि पुढे चालत आलेला बदल हाच पुरावा. आता शंखाकडे पाहा. शंख जाणे म्हणजे पोथीतली ओळ गळणे. कोणाही लेखकाकडून होणारी चूक. मिल्न-एद्वारचा सारा पश्चक्लोमी वर्ग बव्हंशी अशा गळलेल्या ओळींवर उभा होता!

मात्र शरीराच्या पोथीत ओळी थोड्या. दात, कल्ले, तंतू मिळून शे-दीडशे खुणा जमल्या तरी पुष्कळ. खरी पोथी प्रत्येक पेशीत आहे. ती डीएनए ह्या रसायनात चार अक्षरांनी लिहिलेली असून तिची लांबी कोट्यवधी अक्षरांची आहे. पिढीमागून पिढी तिची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर चुकते. कॅरी मलिस ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला १९८३ मध्ये डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या नळीतच लक्षावधी प्रती काढण्याची युक्ती सुचली. १९९३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९९४ मध्ये फोल्मर आणि सहकाऱ्यांनी अपृष्ठवंशी प्राण्यांतून एका विशिष्ट जनुकाचा सुमारे ७१० अक्षरांचा तुकडा उचलून काढील अशी चिमट्यांची जोडी तयार केली. हे जनुक पेशीतल्या मायटोकाँड्रिया ह्या ऊर्जाघरांत असते, आईकडूनच मुलांत येते आणि त्यात अक्षरे भराभर बदलतात. म्हणून जवळच्या जाती ओळखण्यास ते सोयीचे. उलट प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमची जनुके फार सावकाश बदलतात. वेदपाठकांच्या मुखातल्या मंत्रासारखी ती पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तशीच राहतात, आणि म्हणून अतिप्राचीन नाती त्यांच्यावरून पाहतात. आता गोगलगाईच्या पायाचा तांदळाएवढा तुकडा स्पिरिटात ठेवला की काम भागते.

ह्या नव्या पुराव्यापुढे रंगांचा दरबार पहिल्यांदा कोसळला. क्रोमोडोरिस हे रंगीबेरंगी घराणे; हे नावही आल्डर-हॅनकॉकांचेच, १८५५ सालचे. कॅलिफोर्नियातल्या रिबेका जॉन्सन आणि टेरेन्स गॉस्लिनर ह्यांनी २०१२ मध्ये त्याच्या साऱ्या भाऊबंदांचे डीएनए ताडून पाहिले. क्रोमोडोरिस म्हणून एकत्र बांधलेल्या जाती एका घरच्या नव्हत्याच. त्यांतल्या पुष्कळशा काढून गोनिओब्रँकस ह्या १८६६ सालच्या विस्मृत नावाखाली पुन्हा नांदवाव्या लागल्या. अटलांटिकमधल्या आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जाती तर निराळ्याच शाखांच्या निघाल्या. २०१८ मध्ये कारा लेटन आणि सहकाऱ्यांनी ह्याहून गमतीची गोष्ट दाखवली. एकाच जातीचे प्राणी निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे रंग घेतात, आणि एका ठिकाणच्या निरनिराळ्या जाती मात्र एकमेकींसारख्या रंगतात. विषारी शेजारणीचा वेष घेतला की मासा तोंड लावीत नाही. सोंग कसे वठवावे हे बहुरूप्याने ह्यांच्याकडून शिकावे.

काही वेळा ह्या नावांच्या गोंधळाची झळ फार दूरवर पोचते. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर हर्मिसेंडा क्रॅसिकॉर्निस नावाची एक सुंदर गोगलगाय आहे. १९७० च्या दशकापासून डॅनियल आल्कन आणि इतर संशोधकांनी तिच्यावर स्मरणशक्तीचे प्रयोग केले. ही स्वभावतः उजेडाकडे जाते; पण उजेड आणि गरगर फिरवणे ह्यांची तिच्या मनाशी जोड घालून दिली की पुढे ती उजेडाकडे जाण्यास कचरते. तिचे मज्जापेशींचे जाळे साधे असल्यामुळे आठवण कोणत्या पेशीत कशी साठते हे पाहता येते. अशा प्रयोगांचे निबंध वर्षानुवर्षे निघाले आणि सर्वांवर नाव एकच. २०१६ मध्ये लिंडसे आणि व्हाल्डेस ह्यांनी डीएनए व शरीररचना दोन्ही तपासून दाखवले की ही एक जात नसून तीन आहेत. उत्तरेकडची खरी क्रॅसिकॉर्निस, दक्षिणेकडे पसरलेली ओपालेसेन्स आणि जपान-रशियाच्या बाजूची एमुराई. पैकी ओपालेसेन्स हे नाव १८६३ मध्येच दिलेले होते आणि एमुराई १९३७ मध्ये. मधल्या विद्वानांनी ती दोन्ही नावे अनावश्यक म्हणून निकालात काढली होती. आता जुना निबंध हाती घेणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की हा प्राणी पकडला कोणत्या किनाऱ्यावर? दक्षिणेत पकडला असेल तर तो बहुधा निबंधावरच्या नावाचा नाहीच. प्रयोगशाळेतला माणूस वर्गीकरणाला कारकुनी समजतो, त्याने हे उदाहरण टेबलावर लिहून ठेवावे, असे आमचे मत आहे.

सर्वांत मोठा उलथापालथीचा निकाल मात्र २०१० मध्ये लागला. काथरिना यर्गर, मिखाएल श्र्योडल आणि त्यांचे सहकारी म्युनिकमध्ये वाळूच्या कणांमधल्या फटींत राहणाऱ्या काही मिलिमीटर लांबीच्या गोगलगाईंचा अभ्यास करीत होते. ॲकोक्लिडिया हा त्यांचा गट; पश्चक्लोम्यांत त्यांची जागा कोणालाच नीट सापडत नव्हती. त्यांनी चार जनुके घेऊन, हळू बदलणारी आणि भराभर बदलणारी दोन्ही प्रकारची, साऱ्या शेजारपाजाऱ्यांचे झाड मांडले. वाळूतल्या ह्या किड्यांचे नाते पश्चक्लोम्यांशी जुळेना. ते फुप्फुसवाल्यांशी जुळले. शेवाळातला रस शोषणाऱ्या, पानासारख्या हिरव्या गोगलगाई आणि जपानचा तो दोन झडपांचा प्राणी, हेही त्याच फांदीवर जाऊन बसले. समुद्री ससे आणि त्यांचे आप्त ह्यांची दुसरी फांदी झाली. ह्या दोन फांद्या एकमेकींच्या बहिणी. आणि उघड्या कल्ल्यांच्या रंगीत गोगलगाई त्या दोघींपासून आधीच फुटून निघालेल्या. ह्याचा अर्थ साध्या भाषेत असा की समुद्रातली हिरव्या पानासारखी गोगलगाय आणि उघड्या कल्ल्यांची गोगलगाय ह्यांच्यापेक्षा ती हिरवी आणि आपल्या परसातली पावसाळी गोगलगाय ह्यांचे नाते अधिक जवळचे आहे! शंख एकदा गेला नाही. वेगवेगळ्या घरांतून पुनःपुन्हा गेला. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, श्र्योडलच्या निबंधाच्या मथळ्यातच पश्चक्लोम्यांना निरोप दिलेला होता. १८४८ सालचे ते नाव सोयीपुरते बोलण्यात राहिले आहे. वंशाचे नाव म्हणून ते संपले.

ह्या निकालाला आव्हाने मिळाली नाहीत असे नव्हे. नुसत्या मायटोकाँड्रियातल्या जनुकांवरून काढलेली झाडे वेगळीच निघत होती. २०१३ मध्ये ह्याच श्र्योडलने एका सहकाऱ्यासह कबूल केले की मृदुकाय प्राण्यांची फार खोलवरची नाती त्या जनुकांवरून सुटत नाहीत. भराभर बदलणारी पोथी इतकी खोडली जाते की खूप मागचे वाचताच येत नाही. त्यानंतर शेकडो जनुके एकदम घेऊन काम झाले; २०१३ मध्ये कोको आणि सहकाऱ्यांनी हिरव्या गोगलगाईंची जागा फुप्फुसवाल्यांजवळच ठरवली, आणि २०१८ मध्ये उघड्या कल्ल्यांच्या गटाची एकजूटही तशीच पक्की झाली. आणि हेही सांगितले पाहिजे की म्युनिकचेच गेऱ्हार्ट हास्प्रुनार ह्यांनी केवळ शरीररचनेवरून १९८५ मध्ये जुन्या भिंती पाडून ह्या साऱ्यांना एका मोठ्या गटात आणले होते. जनुकांनी सर्व काही शून्यातून शोधले, असे म्हणणारे आपल्या पूर्वसूरींवर अन्याय करतात.

जनुकांच्या नावावर घाईही झाली आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एलिसिया क्लोरोटिका ही हिरवी गोगलगाय शेवाळातली हरितद्रव्याची कोठारे गिळून ती आपल्या अंगात महिनोन्‌महिने जिवंत ठेवते. २००८ मध्ये मेरी रम्फो आणि सहकाऱ्यांनी शेवाळाचे एक जनुकही गोगलगाईच्या स्वतःच्या डीएनएमध्ये आल्याचे जाहीर केले. तसे असेल तर वंशावळीत दुसऱ्या वंशाचे पान चिकटवल्यासारखे होईल. साहजिकच मोठा गाजावाजा झाला. पण २०१३ मध्ये देबाशीष भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी तिच्या अंड्यांतला डीएनए वाचला. अंड्यांत गिळलेले शेवाळ नसते, म्हणून पुरावा स्वच्छ. तेथे शेवाळाच्या जनुकांचा पत्ता नव्हता. महाभारताच्या संपादकांना भेसळीच्या पोथ्यांनी जसे सतावले, तसेच हे.

मुंबईच्या खडकावरची ती पाठीवर डोळे असलेली गोगलगाय फुप्फुसवाल्यांच्या फांदीवर स्थिर झाली आहे. तिचे प्रजातीनाम आज पेरोनिया. २०२० मध्ये बेन्वा देरा आणि सहकाऱ्यांनी सबंध पेरोनिया प्रजातीची डीएनए व शरीररचना एकत्र धरून पुनर्तपासणी प्रसिद्ध केली. तीत वरून पाहून न ओळखता येणाऱ्या अनेक जाती निघाल्या. अवटी-करंदीकरांच्या पुस्तिकेतली आकृती आजही उपयोगाची आहे. मात्र ती वाचताना नवे नाव शेजारी ठेवावे लागते. त्याच वर्षी पश्चिम भारताच्या किनाऱ्यावरून क्रेटेना प्रजातीच्या दोन नव्या जातींची नोंद झाली, तीही दोन्ही प्रकारच्या पुराव्यांवर. एकीला कच्छच्या आखातातल्या पोशित्राचे नाव मिळाले. दुसरी ‘पवारशिंदेओरम’. पवार आणि शिंदे ही आडनावे लॅटिनच्या षष्ठीत चालवलेली पाहून आमच्या संस्कृतच्या शास्त्रीबुवांनाही मौज वाटावी.

जुन्या नावांचा हिशेब मात्र अजून बराच बाकी आहे. नाव ज्या नमुन्यावरून दिले तो नमुना हाच त्या नावाचा मालक, असा प्राणिशास्त्राचा कायदा आहे. परंतु जुने नमुने फॉर्मेलिनमध्ये किंवा कमी-अधिक ताकदीच्या दारूत शतक-दीडशतक पडून असतात आणि त्यांतला डीएनए तुकडे-तुकडे झालेला असतो. अशा वेळी ज्या किनाऱ्यावरून पहिला नमुना गेला, त्याच किनाऱ्यावर जाऊन तशीच गोगलगाय पुन्हा शोधावी लागते. एलियटच्या संग्रहावरून दिलेल्या नावांसाठी हा रस्ता विशाखापट्टणला जातो. ओहोटीची वेळ पाहून खडकात उतरावयाचे, जिवंत प्राण्याचे रंग टिपून घ्यावयाचे, पायाचा तुकडा स्पिरिटात टाकावयाचा आणि बाकीचा प्राणी दात मोजण्यासाठी जपून ठेवावयाचा.